सहा रेघांचा साबणमासा



कोकणच्या बाजारात हेकरू किंवा गोब्रा या नावांनी विकला जाणारा मासा अनेकांच्या परिचयाचा आहे. रुंद तोंड, भरदार अंग आणि खडकाच्या कपारीत दबा धरून बसण्याची सवय ही त्याच्या कुळाची लक्षणे. याच कुळाचा एक छोटा आप्त मात्र चवीसाठी नव्हे, तर कडूपणासाठी प्रसिद्ध आहे. त्याला साबणमासा म्हणतात.

लिनियसचे शिष्य कार्ल पेटर थुनबर्ग यांनी १७९२ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे आजचे नाव ग्रामिस्टीस सेक्सलिनिएटस. नावाच्या पहिल्या भागात रेघ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, तर दुसऱ्या भागात लॅटिनमधील सहा रेघा. काळसर अंगावर पिवळट-पांढरे पट्टे असे त्याचे रूप. अगदी लहान पिलाच्या अंगावर ठिपके असतात. वाढ होत जाते तसे पट्टे उमटतात व त्यांची संख्या वाढते. लांबी फार तर ३० सेंटिमीटर, बहुधा त्याहून कमीच. लाल समुद्रापासून पॅसिफिकमधील मार्केसस बेटांपर्यंत त्याचा वावर असून आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींतही तो आढळतो.

प्रवाळभित्तीवर जणू दोन पाळ्या चालतात. दिवसाचे मासे संध्याकाळी कपारींत शिरतात आणि रात्रीचे मासे बाहेर पडतात. साबणमासा दुसऱ्या पाळीचा. दिवसभर तो कड्याखाली किंवा बिळात एकटाच राहतो. अंधार पडल्यावर लहान मासे, कोळंबी, खेकडे यांच्या शोधात निघतो. त्याचा जबडा मोठा ताणला जातो, त्यामुळे अंगाच्या मानाने मोठे भक्ष्यही तो गिळू शकतो.

एकट्याने हिंडणाऱ्या या लहान जीवाचे संरक्षण करते ती त्याची त्वचा. तिच्यात बारीक खवले रुतलेले असतात आणि वर बुळबुळीत थर असतो. मासा घाबरला किंवा पकडला गेला की त्वचेतून कडू स्राव बाहेर पडतो आणि पाणी घुसळले गेले तर साबणासारखा फेस येतो. नावाचे मूळ हेच. त्याला तोंडात घेतलेला मोठा मासा बहुधा लगेच बाहेर टाकतो. ठळक पट्टे हा त्या कडूपणाचा इशारा असावा, असे अभ्यासक मानतात.

या विषाला ग्रामिस्टिन म्हणतात. ते अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांचे बनलेले असून पेशींच्या पातळ आवरणावर आघात करते. मधमाशीच्या विषातील एक मुख्य घटकही साधारण याच रीतीने काम करतो. १९७१ साली जॉन रँडल आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी हे विष कोणकोणत्या माशांत आहे हे तपासून त्यांचे नाते ठरवण्याचा प्रयत्न केला. रूपाबरोबरच रसायनही वंशावळीचा साक्षीदार होऊ शकते, हे त्यातून दिसले. हा गट हेकरूंच्याच कुळात ठेवावा की त्याचे स्वतंत्र कूळ मानावे, यावर वर्गीकरणकारांत आजही मतभेद आहेत.

आता एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी. खुल्या समुद्रात हा स्राव लाटांबरोबर क्षणात विरून जातो. शत्रू दूर होतो आणि शेजारी सुखरूप राहतात. पण हाच मासा बादलीत किंवा शोभेच्या काचपेटीत कोंडला आणि घाबरला, तर विष त्याच पाण्यात साचते. आवरणाने झाकलेले कल्ले त्या पाण्यापासून सुटत नाहीत. सोबतचे मासे मरतात, आणि प्रसंगी साबणमासाही त्यातून वाचत नाही. मासा तोच, स्राव तोच. बदलले ते केवळ पाण्याचे माप.

म्हणून पट्ट्यांचा देखणा मासा घरात आणण्यापूर्वी त्याच्या कपारीचा, अंधाराचा आणि अथांग पाण्याचा विचार व्हायला हवा. प्राण्याची ओळख त्याच्या शरीराबरोबर त्याच्या जागेचीही ओळख असते. निसर्गविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही एवढी गोष्ट जरी मनात ठेवली, तरी लक्षद्वीपच्या कपारीतील एका लहान माशाची रात्र निर्धास्त जाईल.