शिस्तीच्या आधीची जबाबदारी



आपल्या उद्योजकांच्या कारखान्यांत ‘लष्करी शिस्त’ हे शब्द मोठ्या कौतुकाने वापरले जातात. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की वरच्याने सांगावे आणि खालच्याने उलट न विचारता करावे. माझे म्हणणे नेमके याच्या विरुद्ध आहे. सैन्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, पण हुकूम त्यात सर्वांत शेवटी येतो. शिपाई लष्करी कायद्याने बांधलेला असतो. मनात आले म्हणून त्याला घरी निघून जाता येत नाही. आपल्या फिटरला शेजारच्या कंपनीत चार पैसे जास्त मिळाले की तो जातो, आणि तो त्याचा हक्क आहे. कायद्याच्या बळावर उभे असलेले आज्ञापालन आपल्याला उसने आणता येणार नाही. त्या आज्ञेच्या बदल्यात अधिकाऱ्याच्या खांद्यावर जी जबाबदारी येते, ती मात्र आणता येईल. हाताखालच्या माणसांच्या पोटाची तजवीज आधी करायची, आणि त्यांनी आणलेली वाईट बातमी ऐकून घ्यायची.

पहिल्या गोष्टीचा पुरावा आपल्या घरचाच आहे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात ते यायला हवे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा घोडदळाच्या मुक्कामात बराच खर्ची पडला होता. महाराज या पत्रात शौर्याची भाषा करत नाहीत, हिशेब मांडतात. आत्ता हात सैल सोडलात तर ऐन पावसात वैरण संपेल, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाजी, गवत उचलू लागाल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पैसा दिलेला आहे, लागेल ते बाजारातून विकत घ्या, अशी ताकीद आहे. पुढे पत्र आगीपर्यंत येते: गवताजवळच्या चुली, तंबाखूचा विस्तव, रात्री जळता राहिलेला दिवा, आणि त्याची वात उंदराने ओढून नेली तर पेटणाऱ्या गंजी. राज्य उभारणारा माणूस दिव्याच्या वातीपर्यंत विचार करतो, याला मी नेतृत्व म्हणतो. शिवाय शिस्त मागण्याआधी इथे पैशाची सोय झालेली आहे. आपण काय करतो? कंत्राटी कामगाराचा पगार लांबवतो आणि त्याच्याकडून निष्ठा मागतो. छोट्या पुरवठादाराचे बिल २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे असते. ते महिनोन् महिने अडवतो आणि त्याच्या मालाच्या दर्जाबद्दल ओरड करतो. त्याने कच्च्या मालात हात आखडता घेतला, तर तो दोष त्याच्या एकट्याचा नसतो.

दुसरी गोष्ट एका पराभवातून शिकायची आहे. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात सैन्याच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९५९ मध्ये, त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. सीमेलगतच्या चौक्या शत्रू आल्याची खबर देण्यापुरत्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, आपली रसद जिथे पोहोचते तिथे द्यावी, हा त्याचा गाभा होता. १९६० च्या मार्चमध्ये लखनौच्या ‘लाल किल्ला’ सरावात हेच चित्र उभे केले गेले. वरिष्ठ पातळीवर ते मानले गेले नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले, तेव्हा याच सीमेवर नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेशात, मोजक्या काडतुसांनिशी, रस्ता पोहोचत नव्हता अशा जागी उभे होते. ती जागा टिकणार नाही, हे तिथल्या ब्रिगेडने वर कळवले होते. २० ऑक्टोबरला ती ब्रिगेड मोडली. जवानांचे धैर्य कमी पडले नव्हते. सत्य वर जाताना वाटेत अडले होते. उलट १९७१ मध्ये सैन्याने तयारीला वेळ मागितला, सरकारने दिला, आणि डिसेंबरातले युद्ध १३ दिवसांत संपले.

आता आपल्या आढावा बैठकीकडे पाहा. पॉवर प्रेसवरचा सेफ्टी गार्ड काढून काम चालले आहे हे सुपरवायझरला माहीत असते. डिस्पॅचची तारीख गाठता येणार नाही हे प्लॅनिंगवाल्याला माहीत असते. मालकाने विचारले की दोघांचेही उत्तर एकच: ‘होऊन जाईल, साहेब.’ कारण मागच्या वेळी खरे बोललेल्याला सगळ्यांसमोर झापलेले त्यांनी पाहिलेले असते. एखाद्याची बोटे त्या प्रेसमध्ये गेली की मग चौकशी बसते.

१९६२ च्या याच इतिहासात सैन्याच्या त्रुटीही दिसतात, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी त्या पराभवाची चौकशी केली; त्यांचा अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. मी सैन्याला पूजेला बसवत नाही. त्याच्या चुकाही शिकण्याजोग्या आहेत, कारण त्यांची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. स्पर्धक हा शत्रू नव्हे, हा आक्षेप तर मला पूर्ण मान्य आहे. बाजाराला रणांगण म्हणणाऱ्या व्याख्यानांनी आपले नुकसानच केले आहे. वीस माणसांच्या वर्कशॉपला ही जबाबदारी परवडणार नाही, हे मात्र मला पटत नाही. वीस जणांत मालकापर्यंत बातमी पोहोचायला एका हाकेचे अंतर असते. ती पोहोचत नसेल तर कारण खर्चात नाही, मालकाच्या स्वभावात आहे.

शेवटी एक सूचना. सातारा-कोल्हापूरकडचा निवृत्त सुभेदार, ज्याने शंभरावर माणसांचे रेशन, हत्यारे, गाड्या सांभाळल्या, त्याला आपण गेटवर रजिस्टर देऊन बसवतो. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली; तिच्या मूळ तरतुदीनुसार तिच्यातून भरती झालेल्यांपैकी चार वर्षांनंतर फार तर २५ टक्के तरुण सैन्यात राहतील. उरलेल्यांना आपल्या कारखान्यांत घ्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. त्यांना गेटवर न बसवता स्टोअर्स आणि शिफ्टची जबाबदारी द्यावी. त्यात एक अट असावी: पहिले सहा महिने त्यांनी जे चुकीचे दिसेल ते एका वहीत लिहून थेट मालकाकडे द्यावे, आणि मालकाने आठवड्याच्या आत त्याच वहीत, स्वतःच्या अक्षरात, उत्तर लिहावे.