गंगा आणि दक्षिणगंगा बांधणारा माणूस



त्रिस्थळीला गेलेली आपली माणसं काशीहून गयेला निघाली की राजघाटाच्या पुलावरून गंगा ओलांडतात. खिडकीतून नाणं टाकतात, हात जोडतात. पुलाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. 1887 मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याला व्हाइसरॉय डफरिनचं नाव दिलं, 1948 मध्ये मालवीयजींचं. बांधणाऱ्याचं नाव फ्रेडरिक वॉल्टन. अवध-रोहिलखंड रेल्वेचे अभियंता. लक्षात ठेवा, वॉल्टन.

गंगेच्या पलीकडे मुगलसरायपर्यंत आगगाडी 1862 मध्येच आली होती. मग समोरच्या काशीला पोचायला आणखी पंचवीस वर्षं का लागली? वर लोखंड चढवणं त्या काळच्या अभियंत्यांना येत होतं. अवघड होता तो पाया. काशीचा काठ कंकराचा, टणक; पात्रात नि पलीकडे नुसती वाळू.

तो पाया कसा बसवतात, ते घरी करून पाहा. गव्हाच्या राशीत बूड नसलेला डबा उभा धरा. आतले गहू मुठीमुठीनं उपसा, वरून दाब द्या. डबा खाली सरकतो. एका अंगानं जास्त उपसलंत की कलतो, आणि कललेला डबा सरळ करताना जीव मेटाकुटीला येतो. पुलाच्या पायाच्या विहिरी, म्हणजे बूड नसलेल्या पोकळ नळ्या, वाळूत अशाच बसवतात. गंगा तर पुरात खांबाभोवतीची वाळू खरवडून नेते. म्हणजे रास ढासळली तरी डबा हलता कामा नये! म्हणून विहीर त्या खरवडीच्याही खूप खाली न्यावी लागते. पूल उभा आहे तो या न दिसणाऱ्या भागावर. पुन्हा सांगते, न दिसणाऱ्या भागावर. सात मोठे आणि नऊ लहान गाळे, किलोमीटरभराहून जास्त लांबी, सगळा भार तिथे.

याच वॉल्टनना पुढे राजमहेंद्रीला गोदावरीवरचा पूल सोपवला. आपल्या त्र्यंबकची गोदावरी! 56 गाळ्यांचा तो पूल 1900 मध्ये पुरा झाला, 1997 पर्यंत त्यावरून गाड्या धावल्या. गंगा आणि दक्षिणगंगा दोन्हींवर पूल बांधणाऱ्या या माणसाचं नाव आपल्या मुलांना ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

वेळ संपल्याची खूण होते आहे. विहिरींतली वाळू उपसणाऱ्या मजुरांबद्दल तर बोलायचं राहूनच गेलं. नाणं जरूर टाका, पण खांब पाण्यात शिरतो तिथे एकदा नजर टाका, आणि मुलांना त्या डब्याचं...