रुग्णसेवक, लस आणि सक्ती
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून विषयाला सुरुवात करतो. रुग्णालयात काम करणाऱ्यांवर लसीची सक्ती असावी काय, हा तो विषय. आपल्या किती तरी मुली परिचारिका आहेत, किती तरी बांधव वॉर्डबॉय आणि सफाई कामगार आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन बिछान्यावर निजवले. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणावर ढकलले नाही. आज ते काम आपण बहुधा सर्वांत कमी पगाराच्या माणसावर ढकलतो, आणि लसीची आठवणही त्याच्या बाबतीत शेवटी येते.

सगळ्या लसींना एकच न्याय लावू नये. गोवर किंवा फ्लूची लस परिचारिकेने घेतली तर तिच्याबरोबर वॉर्डातले तान्हे मूलही वाचते. तेथे रुग्णाचा हक्क उभा राहतो. हिपॅटायटिस बीची लस मुख्यतः घेणाऱ्यालाच वाचवते. लस न घेतलेल्याला या रोगाच्या रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याचा धोका १०० मध्ये ६ पासून ३० पर्यंत असतो. एचआयव्हीचा धोका १००० मध्ये सुमारे ३ आहे. लोक मात्र एचआयव्हीलाच जास्त भितात! आणि सुई केवळ डॉक्टरला टोचते असे नाही. कचऱ्याच्या पिशवीतून ती सफाई कामगाराच्या हातात शिरते.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत याची तरतूद आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, नोकरीच्या आरंभी व नंतर वर्षातून एकदा तरी तपासणी करणे, ही जबाबदारी रुग्णालयाची आहे. कायद्याने बांधले आहे ते रुग्णालयाला. पण कामगार कंत्राटी असला की रुग्णालय ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार रुग्णालयाकडे. सहा महिन्यांनी तिसरा डोस घ्यायची वेळ येते तोवर ठेकेदारच बदललेला असतो. अमेरिकेत १९९१ च्या नियमाने मालकाने ही लस फुकट देणे बंधनकारक केले. कामगाराला लेखी नकार देता येतो आणि नंतर मन बदलले तर लस मिळते. मला ही रीत न्याय्य वाटते.

कोविडच्या काळात उलटा प्रकार दिसला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेने पहिलाही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे जाहीर केले. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येत नाही, घटनेचे २१ वे कलम शरीराचेही रक्षण करते. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात निर्बंध घालता येतात. त्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते अमरावतीचे भूषण गवई, जे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले.

माझे मत असे. नवजात बालकांच्या वॉर्डात काम करायचे असेल तर लस घ्या, नाही तर दुसऱ्या वॉर्डात बदली घ्या, हे म्हणणे रास्त आहे. पगार तोडणे रास्त नाही. पगार तोडला की डॉक्टर कोर्टात जातो, झाडूवालीच्या घरची चूल विझते. आणि जी नको म्हणते तिला आधी विचारा तरी. ताप आला तर रजा भरपगारी मिळेल काय, ही तिची शंका असते. तिला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एक सांगतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांचे प्रमाण १० युनिटांपर्यंत पोचले की नाही ते पाहावे. लसीचे कार्ड ठेकेदाराकडे ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा. तुमच्या वॉर्डातल्या मावशींचे कार्ड आहे काय, तेही विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!