कांद्याची साक्ष



पाणी नितळ दिसले, म्हणजे ते चांगले असते का? नेहमीच नाही. गाळ डोळ्यांना दिसतो. पण शिसे, पारा, कॅडमियम हे जड धातू पाण्यात विरघळलेले असले, तर दिसत नाहीत. कारखान्याच्या सांडपाण्यातून ते नदीत येतात, विहिरीत झिरपतात. पाणी उकळले तर जंतू मरतात. धातू मात्र तसेच राहतात.

मग ओळखायचे कसे? आपल्या घरातला कांदा साक्ष देतो, बरं का!

स्वीडन देशात लेवान नावाचे शास्त्रज्ञ होते. औषधाचा पेशींवर काय परिणाम होतो, हे त्यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर पाहिले. पुढे १९८५ साली फिस्केशो या संशोधकांनी दूषित पाणी तपासण्यासाठी ही रीत नीट बसवून दिली.

रीत सोपी आहे. सारखे कांदे घ्या. काही चांगल्या पाण्याच्या पेल्यांवर ठेवा, काही संशयाच्या पाण्यावर. बूड तेवढे पाण्याला टेकू द्या. रोज पाणी बदला. तीन-चार दिवसांनी मुळे मोजा. संशयाच्या पाण्यातली मुळे आखूड, वाकडी निघाली, तर सावध व्हा. ते कांदे खाऊ नका.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुळाच्या टोकाला पेशी वाढतात, एकीच्या दोन होतात. कांद्याच्या पेशीत सोळा धागे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. वाढ कशी व्हावी, हे त्यांत ठरलेले असते. आधी प्रत्येक धागा दुप्पट होतो. मग भावाभावांत होते तशी वाटणी होते. सोळा इकडे, सोळा तिकडे. धातूचे विष भिनले, की धागे तुटतात, तुकडे मागे राहतात. वाटणी चुकते. सूक्ष्मदर्शक यंत्रातून हे स्पष्ट दिसते.

आपल्या पेशींतही असेच धागे आहेत. त्यांना इजा झाली, तर कर्करोगासारखे दुखणे उद्भवू शकते. म्हणून कांद्याचे ऐकायचे.

मात्र एक ध्यानात ठेवा. कांदा धोका सांगतो, धातूचे नाव सांगत नाही. खारट पाण्यानेही मुळे खुंटतात. तेव्हा घाबरू नका, आणि गप्पही बसू नका. चौघे मिळून ग्रामपंचायतीत जा. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. निकालाचा कागद मागून घ्या आणि स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते ना!