शेक अर्धवट सोडू नका



बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा. एवढ्याशा नळीलाही कर्करोग होतो. होतो क्वचित, म्हणून लवकर ओळखला जात नाही. लघवीला जळजळ होते, धार बारीक होते, कपड्याला रक्ताचा डाग लागतो. संसर्ग समजून गोळ्या चालू राहतात. पाळी जाऊन वर्षं झालेली बाई तो डाग कुणाला दाखवतही नाही. असा डाग एकदा जरी दिसला, तरी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. गाठ लागली तर तिचा तुकडा तपासावाच लागतो.

गाठ लहान आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी असेल, तर शस्त्रक्रियेने किंवा नुसत्या किरणोपचाराने भागू शकतं. आत पसरलेल्या गाठीसाठी कधीकधी मूत्राशयच काढावं लागतं आणि लघवीसाठी पोटावर पिशवी येते. ते टाळता येईल का, हे पाहताना किरणोपचाराचा, बऱ्याचदा केमोथेरपीच्या जोडीने, विचार होतो. बाहेरून किरणांचा शेक आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच-सहा आठवडे देतात. जांघेतल्या लसिकाग्रंथींनाही गरजेप्रमाणे किरण देतात, कारण हा रोग तिथे लवकर पोचतो. काहींना भूल देऊन गाठीत बारीक सुया बसवतात. त्यांतून किरणोत्सारी इरिडियमचा कण यंत्राने आत जातो, ठरलेला वेळ थांबतो आणि परत यंत्रात येतो. बाहेरून शेक घेऊन घरी आलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. तिचं ताट वेगळं करू नका, नातवंडांना तिच्यापासून दूर ठेवू नका.

खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर लागते. जांघेतली कातडी काळवंडते, सोलवटते, लघवी करताना डोळ्यांत पाणी येतं. आणि नेमक्या याच वेळी बायका गावी निघून जातात. कुणाची पेरणी असते, कुणाच्या घरी लग्न असतं, पण मुख्य कारण वेदना आणि संकोच हेच. मधे खंड पडला की कर्करोगाच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. म्हणून दुखतंय हे त्याच दिवशी सांगा. वेदनेवर औषध आहे. सैल सुती कपडे घाला, विचारल्याशिवाय मलम लावू नका. पुढे मूत्रमार्ग किंवा योनिमार्ग आवळू शकतो. त्यावरही उपाय आहेत, तेव्हा तपासणीला येत राहा.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.