आठ वर्षांचं मूल आणि पटावरचं घड्याळ

2014 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात जागतिक युवा बुद्धिबळ स्पर्धा झाली. दहा वर्षांखालील मुलींमध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख अजिंक्य ठरली. तेव्हा तिला नववं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुढे 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली, ते तुम्ही ऐकलंच असेल. मला बोलायचंय ते त्या आठ वर्षांच्या वयाबद्दल.

डाव रंगात येतो तेव्हा आईवडील सभागृहाबाहेर असतात. मुलाचे पाय जमिनीला टेकत नसले, तरी नियम मोठ्यांचेच. सोंगटीला हात लागला की तीच खेळायची. प्रत्येक चाल स्वतः कागदावर लिहायची. शंका आली तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं, तेही परक्या भाषेत. अशात समोरचा घोडा फुकट मिळतोय असं दिसतं आणि हात शिवशिवतो. घड्याळात तासाहून जास्त वेळ शिल्लक, पण मूल पाच सेकंदांत घोडा मारून मोकळं होतं. चार चालींनंतर स्वतःचा वजीर अडकलेला! मला तर वाटतं, या वयात डाव जातात ते बहुतेक घाईनेच.

घाई न करता विचार करत बसण्याची बैठक घरात, मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावांत अंगवळणी पडत नाही. त्यासाठी समोर खरं माणूस लागतं. आपल्या सांगलीचं भाग्य असं, की भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ इथे 1941 पासून आहे. बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, सांगलीच्याच. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद, 1991 साली आशियाई. स्वाती घाटेही इथल्याच. महानगरात न राहताही मुली एवढ्या पुढे गेल्या, याचा मला फार अभिमान वाटतो.

सांगलीतल्या आणि आसपासच्या सातारा, कऱ्हाड, विटा इथल्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मूल हरून बाहेर आलं, की ‘एवढं साधं कसं दिसलं नाही?’ असं विचारू नका. आधी त्याला पोटभर जेवू घाला. मग चालींचा कागद घेऊन पटाशी बसा आणि त्यालाच डाव सांगू द्या. तुम्हाला खेळ येत नसला तरी चालेल. आणि शाळांनी संध्याकाळी एखादा वर्ग उघडा ठेवावा, तिथे पट आणि दोन-चार घड्याळं ठेवावीत. मुलं आपणहून येतील.