रानटी तंबाखूची हाक

दावणीचे जनावर दावे तोडून पळू शकते. झाडाला तीही सोय नाही. मग पाने खाणारी अळी अंगावर चढली, तर झाडाने करावे काय?

अमेरिकेच्या पश्चिमेस, युटा राज्यातील वाळवंटी मुलखात तंबाखूची एक रानटी जात उगवते. तिला ‘कोयोट तंबाखू’ म्हणतात. आपली वांगी, मिरची, टोमॅटो ही तिचीच भावकी. तिचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहते; वणवा लागून गेला, की धुराची खूण पटून जागे होते.

पानाला कीड लागली, की ही वनस्पती मुळांत जादा निकोटीन तयार करून पानांकडे धाडते. त्या विषापुढे बऱ्याच किडी हटतात. पण एका मोठ्या पतंगाची अळी ते खुशाल पचवते. आणि गंमत पाहा, हाच पतंग रात्री तिच्या पांढऱ्या फुलांवर येऊन परागीकरण करतो, अन् पानांवर अंडी घालून जातो! उपकार करणारा तो, आणि घर खाणारी त्याचीच पिल्ले.

इयान बाल्डविन या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या पेचाचा अभ्यास केला. कुरतडलेली पाने हवेत एक वास सोडतात. त्या वासावर मोठ्या डोळ्यांचा एक चिमुकला कीटक येतो आणि ती अंडी व कोवळ्या अळ्या फस्त करतो. या हाकेमुळे किडींची संख्या शेकडा ९० हून अधिक घटू शकते, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. पुढे २०१० साली आणखी एक नवल उजेडात आले. अळ्यांचा उपद्रव झाला, की हिची बरीचशी फुले संध्याकाळऐवजी सकाळी उमलू लागतात. त्या वेळी पतंग नसतो. हमिंगबर्ड नावाचा इवला पक्षी येतो, मध पितो, पराग नेतो. अंडी मात्र घालीत नाही.

यात आपण घ्यावे असे काय आहे? शेतातला प्रत्येक किडा वैरी नसतो. मावा खाणारा ढालकिडा आपल्याकडेही आहे. सरसकट औषध फवारले, तर वैऱ्याबरोबर राखणदारही मरतो. म्हणून पंप खांद्यावर घेण्यापूर्वी पान उलटून पाहा. आणि गुरुजी, मुलांना एकदा वांग्याच्या वाफ्यात न्या. पान कोण खातो, हे ती लगेच सांगतील. त्या खाणाऱ्याला कोण खातो, हे त्यांना शोधू द्या.